प्रॉम्प्टर नसलेला वर्ग

गुणवंतरावांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विज्ञान शाखा बंद करण्याचा विषय काढला.

१९९८ सालचा जून होता. चामोर्शीच्या त्या कॉलेजला सभागृह नव्हतं. दोन वर्गांमधली भिंत काढून केलेल्या खोलीत संस्थेची बैठक चालली होती. गुणवंतराव संस्थेचे सचिव. गावात त्यांची धानाची मिल होती, आणि किती धान घातलं, किती तांदूळ निघाला, याच मापानं ते कॉलेजकडेही बघत. विज्ञान शाखा सुरू होऊन एकच वर्ष झालं होतं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला अडतीस मुलं बसली, त्यांतली सहा रसायनशास्त्रात पास झाली. असाच निकाल राहिला तर दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला परवानगी नाही, असं विद्यापीठानं कळवलं होतं.

"त्यांनी बंद करण्यापेक्षा आपणच बंद करू," गुणवंतराव म्हणाले. "आर्ट्स चालून राह्यलं ना चांगलं. सायन्सवाले जाईन चंद्रपूरले."

चंद्रपूरला जाणारे थोडे, घरी बसणारे जास्त, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. शेवटी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून नाहीद शेख म्हणाली, "एक वर्ष द्या."

नाहीद रसायनशास्त्र शिकवत होती. वय सव्वीस, नेमणूक तात्पुरती. म्हणजे तो सहा जणांचा निकाल तिचाच होता.

"एका वर्षात का करणार तुम्ही, मॅडम?"

"अजून ठरवलं नाही."

कोणीतरी हसलं. पण शाखा बंद करायची तरी ठराव, अर्ज, तपासणी असं सगळं लागतं, आणि तेवढी धावपळ करायला त्या महिन्यात कोणी मोकळं नव्हतं. नाहीदला एक वर्ष मिळालं ते त्यामुळे.

ती मूळची बल्लारपूरची. वडील अजीम यांचं स्टेशनजवळ सायकलदुरुस्तीचं दुकान. कॉलेजसाठी ती रोज पॅसेंजरनं चंद्रपूरला जायची. डब्यात गर्दी असायची, उभ्यानं पुस्तक धरणं जमायचं नाही. म्हणून ती धडा फलाटावरच वाचून घ्यायची आणि गाडीत मनातल्या मनात तो पहिल्यापासून म्हणून बघायची. कुठं अडलं ते लक्षात ठेवायचं आणि चंद्रपूरला उतरल्यावर तेवढंच पान उघडायचं. बी.एस्सी. तशीच झाली. एम.एस्सी.ला नागपूरला गेल्यावर प्रवास सुटला, तरी खोड राहिली.

मात्र शिकवायला लागल्यावर तिनं इतर सगळे करतात तेच केलं. फळ्यावर लिहायचं, नोट्स सांगायच्या आणि तास संपताना "समजलं का?" म्हणून विचारायचं. वर्ग एका सुरात "होऽ" म्हणायचा. वर्षभर तिनं त्या "हो"वर विश्वास ठेवला. निकालानंतर तिला आठवलं ते हेच, की ती वर्गाला रोज विचारत होती खरी, पण एकट्या मुलाला तिनं कधीच विचारलं नव्हतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती वर्गात शिरली ती कागदांचा गठ्ठा घेऊन. बल्लारपुरात पेपर मिलच्या कापणीतून निघालेल्या पट्ट्या किलोवर मिळतात. तिचा भाऊ आकिब तसली दोन पोती एस.टी.वर टाकून गेला होता. वह्या बाकाखाली ठेवायला सांगून नाहीदनं फळ्यावर पाच प्रश्न लिहिले. सगळे कालच्या धड्यातले. दहा मिनिटं. मग पट्टी शेजाऱ्याला द्यायची, त्यानं तपासायची, आणि उत्तर काय नि का, ते लगेच बोलायचं. मार्क कुठंही चढणार नव्हते. दिवाळीपर्यंत मराठीत लिहा, झाडीबोलीत लिहा, चालेल. त्यानंतर इंग्रजीत, कारण विद्यापीठाचा पेपर इंग्रजीत.

"हे किती दिवस?" मागून आवाज आला.

"रोज."

"शिकवाच्या आधी परीक्षा? मॅडम, म्हणजे आधी कापणी आन् मंग रोवणी का जी?"

हा आदेश. आष्टीकडच्या एका खेड्यातून यायचा. उंच, आवाज भरदार, आणि वर्गात काय बोललं की किती जण हसतील याचा अंदाज पक्का. त्या दिवशी सगळेच हसले. पट्टीवर मात्र त्याचं एकही उत्तर बरोबर नव्हतं. शेजारी तपासायला बसलेल्यानं पाच फुल्या मारल्या आणि त्या जरा मोठ्या मारल्या.

आठवडाभरात रोवणी सुरू झाली आणि वर्ग अर्धा रिकामा झाला. चिखल केलेल्या बांध्यांमध्ये पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावायला घरात जेवढे हात असतील तेवढे कमीच पडतात. कॉलेजातली मुलगी घरी असली तर तीही कमरेत वाकते. रंजीता अशीच गेली. नानाजी नावाच्या शेतकऱ्याची ही थोरली पोर, वर्गात शेवटच्या बाकावर बसायची आणि वर्षभरात एकदा तरी बोलेल अशी चिन्हं नव्हती. ती परत आली तेव्हा बोटांची टोकं चिखलानं कुजली होती. तिनं पट्टीवर नाव लिहिलं आणि बाकी कोरी दिली.

"एकही येत नाही?" नाहीदनं विचारलं.

रंजीतानं मान हलवली.

"बरं झालं कळलं. नाहीतर 'हो' म्हणाली असतीस." आणि तिनं चुकलेले चार दिवस रंजीताला मधल्या सुटीत वेगळे सांगितले.

ऑगस्टमध्ये वर्गानं प्राचार्यांकडे निवेदन दिलं. रोजच्या परीक्षेनं मानसिक त्रास होतो, गाडी उशिरा येते, नोट्स अपुऱ्या राहतात. खाली सगळ्यांच्या सह्या, रंजीताचीसुद्धा. प्राचार्य सज्जन होते. सज्जनपणानं त्यांनी तो कागद नाहीदकडे सरकवला आणि खिडकीबाहेर बघितलं. नाहीदनं निवेदन वर्गात मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, "गाडीचं म्हणणं बरोबर आहे. उद्यापासून चाचणी तासाच्या शेवटच्या वीस मिनिटांत. बाकीचं नामंजूर."

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. नाहीद ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होती त्या रुखमाबाईंनी तांदूळ निवडता निवडता विषय काढला.

"बाई, लोकं म्हणते का तू पोट्ट्याइले लय छळून राह्यली."

"छळत नाही, रुखमाबाई. नुसतं विचारते."

"माही सासूबी तसंच म्हणे. मी कुठी छळून राह्यली, नुसतं विचारून राह्यली. मीठ काऊन कमी, पाणी काऊन सांडलं." रुखमाबाईंनी एक खडा बाजूला टाकला. "पण स्वयंपाक मले तिच्याच घरी आला, हे खरं आहे."

सप्टेंबर आला तसा चाचण्यांचा रंग पालटला. पाचपैकी चार, पाचपैकी पाच. कोऱ्या पट्ट्या संपल्या. आदेशसुद्धा बरोबर लिहू लागला. नाहीदनं घरी कळवलं की तिसरं पोतं पाठवा, आणि बऱ्याच दिवसांनी बाजारातून स्वतःसाठी बांगड्या घेतल्या.

मग सहामाही झाली. दिवाळीच्या सुटीत बल्लारपूरच्या घरी, आई कनीज पलीकडे शेवया पसरत असताना, नाहीदनं पेपर तपासायला घेतले. ऑक्टोबरमध्ये शिकवलेलं ठीक होतं. सप्टेंबरचं अर्धवट. जुलै-ऑगस्टचं जवळजवळ काहीच नव्हतं. मोल म्हणजे काय, हा प्रश्न ज्यांनी जुलैत पट्टीवर बरोबर सोडवला होता, त्यांनीच तिथं पान मोकळं सोडलं होतं. अर्ध्याहून जास्त वर्ग नापास होता. तिनं गठ्ठा बांधला आणि आईनं विचारल्यावर "चांगलं आहे" एवढंच सांगितलं.

सुटीनंतर मंडईचा हंगाम सुरू झाला. दिवाळी उलटली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि प्रत्येक मंडईत नाटक असतं, पहाटेपर्यंत चालणारं. आदेश त्यात कामं करायचा. एका सकाळी तो वर्गात डोळे चोळत बसला होता. कानामागं मेकअप तसाच राहिलेला.

"काल काय होतास?" नाहीदनं विचारलं.

"इन्स्पेक्टर, मॅडम."

"संवाद पाठ होते?"

"पाठ काऊन कराचे जी? प्रॉम्प्टर असते ना पडद्याच्या बाजूले. तो हळू बोलते, आपण जोरानं बोलतो. वडशाच्या नाटक कंपनीतल्या मोठ्या मोठ्या कलाकाराइचंबी तसंच राह्यते. आज इथी एक नाटक, उद्या तिथी दुसरं. किती पाठ करन माणूस?"

"आणि परवाच्या नाटकातलं आज काही आठवतं?"

"ते नाटक झालं ना. ते गेलं."

वर्ग हसला. नाहीद हसली नाही. "चाचणीला प्रॉम्प्टर कोण असतो?" तिनं विचारलं.

शेवटच्या बाकावरून, वर्षात पहिल्यांदाच, रंजीता बोलली. "आष्टीच्या गाडीत, मॅडम. एक जण कालची वही वाचते, बाकीचे ऐकते. आम्ही उतरलो का तसंच वर्गात येतो. चाचणी झाली का मंग..." तिनं हात झटकल्यासारखा केला.

"गद्दार," आदेश पुटपुटला.

"तूच तर वाचते रोज," रंजीता म्हणाली.

त्या दिवशी नाहीदनं चाचणी घेतली नाही. चूक कुठं होती ते तिला आता स्वच्छ दिसलं, आणि ती मुलांची नव्हती. रोज फक्त कालचंच विचारायचं हा नियम तिनं केला होता. मुलांनी त्या नियमाला पुरेल एवढीच तयारी केली, आणि बसमध्ये एकानं वाचणं, बाकीच्यांनी ऐकणं ही तर त्यांच्या अंगवळणी पडलेली रीत होती. तास झाला की धडा गेला, जसं नाटक झालं की संवाद जातात. पॅसेंजरच्या डब्यात ती स्वतः जे करत होती त्यातला अर्धाच भाग तिनं वर्गात आणला होता. ती कालचा धडा म्हणायची तशी महिन्यापूर्वीचाही म्हणायची. कारण प्रवास रोजचा आणि करायला दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर पाच प्रश्न आले. दोन कालचे, दोन मागच्या महिन्यातले, एक जुलैचा.

"मॅडम, जुलै आता काऊन? जुलै गेला ना," आदेश म्हणाला.

"मार्चमध्ये परत येतो."

तो आठवडा वाईट गेला. पट्ट्यांवर पुन्हा फुल्या. त्यात आता उत्तरं इंग्रजीत. दोन मुलं यायची बंद झाली, एक परत आला. नाहीदनं प्रश्न सोपे केले नाहीत, पण एक केलं. ज्या प्रश्नावर वर्ग पडला तो तिनं दोन दिवसांनी पुन्हा विचारला, मग आठवड्यानं, मग तीन आठवड्यांनी. कुठला कधी येईल हे कोणालाच सांगता येईना. आष्टीच्या गाडीत वाचनाचा कार्यक्रम आपोआप बंद पडला, कारण सगळं वाचून काढायला गाडी पुरत नव्हती. त्याऐवजी मुलं एकमेकांना विचारू लागली. एकानं प्रश्न टाकायचा, ज्याला येईल त्यानं सांगायचं, न आल्यास पुढचा थांबा येईपर्यंत आठवायचं. कंडक्टर वैतागला. "या पोट्ट्याइले तिकीट विचारलं तरी आधी विचार करते," असं त्यानं स्टँडवर सांगितल्याचं रुखमाबाईंच्या कानावर आलं.

जानेवारीच्या अखेरीस गुणवंतरावांनी नाहीदला मिलवर बोलावलं. मिलच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडावं लागे.

"मॅडम, फिजिक्सचा कोर्स झाला. गणिताचा होत आला. तुमचा किती बाकी आहे?"

"तीन धडे."

"काऊन?"

"रोजची दहा मिनिटं चाचणीत जातात. आणि तपासून बोलण्यात अजून दहा."

"मंग बंद करा ना ते. तीन धड्याच्या नोट्स देऊन द्या पटापट. नोट्स दिल्या का आपली जबाबदारी संपली."

"गेल्या वर्षी सगळ्या नोट्स दिल्या होत्या," नाहीद म्हणाली. "जानेवारीतच पूर्ण झाला होता कोर्स, तर मग निकाल तसा का लागला?"

गुणवंतरावांना उलट उत्तराची सवय नव्हती. पण मापाचा माणूस होता. "दाखवा," ते म्हणाले. "उद्या येतो वर्गात. मी विचारतो, त्याइनं सांगावं. नाई सांगितलं तर ते कागद बंद."

दुसऱ्या दिवशी ते आले ते विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि सोबत प्राचार्यांना घेऊनच. रसायनशास्त्राशी त्यांचा संबंध युरिया आणि फवारणीपुरता. त्यांनी डोळे मिटून एका कागदावर बोट ठेवलं आणि प्रश्न नाहीदला वाचायला दिला. मग वर्गाकडे पाहून बोट केलं, सरळ शेवटच्या बाकाकडे. "ती मुलगी."

रंजीता उठली. प्रश्न द्रावणाच्या तीव्रतेचा होता, ऑगस्टमधल्या धड्यातला. तिनं फळ्यापाशी जाऊन सूत्र लिहिलं, आकडे घातले, आणि मध्येच थांबली. नाहीदनं काही सुचवलं नाही. ते थांबणं लांबत गेलं तसे प्राचार्य खोकले.

"चुकलं," रंजीता स्वतःशीच म्हणाली. तिनं एक ओळ पुसली. "लिटर करायचं राह्यलं."

तिनं उत्तर काढलं. गुणवंतराव नाहीदकडे वळणार तोच आदेश उभा राहिला. "एकक लिहिलं नाई तिनं."

"लिहून राह्यली, थांब ना," रंजीता म्हणाली आणि लिहिलं.

गुणवंतरावांनी आणखी चार जणांना उठवलं. एकाला आलं नाही, आणि त्यानं येत नाही असं सरळ सांगितलं. शेजाऱ्यानं त्याला सुरुवात दिली, तिसऱ्यानं शेजाऱ्याची चूक काढली, आणि मग दोन बाकांमध्ये जो वाद सुरू झाला त्यात सचिव आहेत याचं भान कोणालाच राहिलं नाही. गुणवंतरावांना त्यातलं काही कळत नव्हतं. पण कोणी कोणाला बाजूनं सांगत नव्हतं एवढं त्यांना कळलं, कारण त्यांनी आयुष्यभर झाडीची नाटकं पाहिली होती.

निघताना दारात थांबून ते म्हणाले, "तीन धडे मात्र पुरे करा, बाई." तोपर्यंत ते तिला मॅडम म्हणत. नाहीदनं ते तीन धडे फेब्रुवारीत सकाळी जादा तास घेऊन पुरे केले. चाचणी एकाही दिवशी सुटली नाही.

परीक्षेचं केंद्र गडचिरोलीला होतं. रसायनशास्त्राच्या पहिल्या पेपरला भरारी पथक आलं. इतर ठिकाणची काही मुलं पेपर अर्धा टाकून उठली, पाण्याच्या टाकीपाशी चिठ्ठ्यांचा खच पडला. चामोर्शीची मुलं शेवटच्या घंटेपर्यंत बसली. बाहेर आल्यावर नाहीदनं पेपर कसा गेला असं विचारलं नाही. तिनं पाचव्या प्रश्नाचं उत्तर काय काढलं असं विचारलं, आणि सहा जणांनी एकदम सांगितलं.

"मॅडम," आदेश म्हणाला, "पेपरात जुलै होता."

"किती?"

"पंधरा मार्काचा."

निकाल जूनच्या शेवटी आला. एक्केचाळीस मुलांपैकी चौतीस रसायनशास्त्रात पास झाली. रंजीता कॉलेजात पहिली. आदेश द्वितीय श्रेणीत पास, तेही काठावर, पण पास. प्राचार्यांनी आकडे दोनदा मोजले आणि मग स्वतःच चहा सांगायला गेले. पुढच्या महिन्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला परवानगी मिळाली. गुणवंतरावांनी सत्कार ठेवायचं ठरवलं. नाहीदनं त्याऐवजी प्रयोगशाळेसाठी गॅसची जोडणी मागितली, कारण गेलं वर्ष स्पिरिटच्या दिव्यांवर काढलं होतं. गॅस आला. तिची नेमणूकही पुढे चालू राहिली. फिजिक्सच्या सरांनी आकिबच्या पोत्यातल्या पट्ट्या न्यायला सुरुवात केली.

सत्कार हुकला म्हणून गुणवंतरावांनी पोस्टर छापलं. एस.टी. स्टँडवर, बाजाराच्या भिंतीवर, मिलच्या फाटकावर. वर त्यांचा फेट्यातला फोटो, खाली मोठ्या अक्षरांत 'रसायनशास्त्राचा निकाल ९५ टक्के'. प्राध्यापकांची नावं नव्हती.

नाहीद त्यांना भेटायला गेली. नावाबद्दल ती काही बोलली नाही. "आकडा चुकलाय," ती म्हणाली.

"जरा गोल केला, बाई. छापूनबी झालं आता."

"खरा आकडा पुरेसा चांगला आहे."

"आहेच ना. पण पंच्याण्णव वाचाले बरं वाटते."

तिनं जास्त वाद घातला नाही. पण चुकलेल्या आकड्याबद्दल ती स्टाफरूममध्ये बोलली ते वर्गापर्यंत पोहोचलंच. बाजाराच्या दिवशी दुपारी रुखमाबाई धावत खोलीवर आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुहे पोट्टे स्टँडवर भिंत खराब करून राह्यले, चाल लवकर."

नाहीद गेली तेव्हा दुसऱ्या वर्षाचा जवळजवळ सगळा वर्ग पोस्टरपुढे जमला होता. ज्यांनी वर्षापूर्वी निवेदनावर सह्या केल्या होत्या, तेच. आदेश लोखंडी बाकावर उभा होता. हातात नाटकाच्या पाट्या रंगवायचा ब्रश. त्यानं ९५ वर जाड रेघ मारून बाजूला लाल रंगात ८३ लिहिलं होतं.

"त्र्याऐंशी कुठून आणलं?" खालून रंजीता विचारत होती.

"चौतीस भागिले एक्केचाळीस."

"ते ब्यांशी पॉइंट त्र्याण्णव येते."

"म्हणजे त्र्याऐंशीच झालं ना."

"गुणवंतरावांनी गोल केलं तर चूक, आन् तू केलं तर बरोबर?"

बाजूला भाजीवाल्या बायका, दोन हमाल आणि एक पोलीस कौतुकानं ऐकत उभे होते. कोणीतरी विचारलं, दोन दशांश स्थळांपर्यंत लिहायचं की एक. त्यावर वर्गाचे दोन तट पडले. आदेशनं बाकावरून नाहीदकडे पाहिलं आणि ब्रश पुढे केला. "मॅडम, तुमी सांगा."

"मी काय सांगणार," नाहीद म्हणाली. "आकडेमोड तुमची आहे."

आष्टीची गाडी लागली. कंडक्टरनं घंटा वाजवली, मग हाका मारल्या, मग चढणाऱ्यांना घेऊन तो निघून गेला. वर्गातलं कोणीच गाडीत नव्हतं.